हौदाचं पाणी कुणाचं?

पुण्यात पत्ता सांगायची एक गंमत आहे. आपण ज्या वस्तूची खूण सांगतो ती वस्तू तिथे बहुधा नसते. फडके हौद, बदामी हौद, काळा हौद, पंचहौद, नाना हौद. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की तो बरोबर नेऊन सोडतो, पण तिथे उतरल्यावर तांब्याभर पाणीही मिळायचं नाही. सारसबागेतल्या गणपतीला जुनी माणसं अजून ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. नवीन सुनेला कुणीतरी समजावून सांगावं लागतं की इथे खरोखरच मोठं तळं होतं आणि हे देऊळ त्या तळ्यातल्या बेटावर होतं.

एवढी पाण्याची नावं या गावाला कुठून आली? आमच्या पेठेतल्या वाड्यात एक दगडी हौद आहे. मागच्या उन्हाळ्यात तो आम्ही दुरुस्त केला. त्या निमित्ताने बरंच वाचलं, थोडं मोजलं आणि काही जुन्या गोष्टी आठवल्या. त्या एका जागी लिहून ठेवाव्यात म्हणून हा लेख. दिवाळीनंतर वाड्याचा निर्णय घ्यायला सगळे जमणार आहेत, त्यांनी तरी तो आधी वाचावा.

मुळा-मुठेच्या काठी वसलेल्या गावाला पाण्याची काय कमतरता, असं वाटेल. पण पुण्याचा पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. वर्षाचा सरासरी आकडा सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास. फाल्गुनापासून हवा कोरडी होते, एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि धरणं नव्हती तेव्हा नदी डोहांपुरती उरायची. शिवाय पेठांखाली काळा पाषाण. आड खणायचा तर खडक फोडायचा, आणि तरी पाणी लागेलच असं नाही. पेशव्यांनी १७३० साली शनिवारवाड्याचा पाया घातला आणि गाव झपाट्याने वाढलं. पेठा वसल्या, फौजफाटा आला, जनावरं आली. एवढ्यांना नदीवरून कावडीने पाणी किती पुरणार?

नानासाहेब पेशव्यांनी, म्हणजे बाळाजी बाजीरावांनी, १७५० च्या सुमारास यावर उपाय केला तो कात्रजचा. शनिवारवाड्याच्या दक्षिणेला सुमारे दहा किलोमीटरवर, कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्यावर बंधारे घालून तलाव केले. वरच्या तलावात गाळ बसायचा आणि त्यातल्या त्यात निवळ पाणी खाली यायचं. तिथून जमिनीखालून दगड-चुन्याची बांधीव नहर काढून ती गावात आणली. माणूस आत शिरून चालू शकेल एवढी उंच. पंप नाही, मोट नाही. कात्रज उंचावर आणि गाव उतारावर, एवढ्याच भांडवलावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत येत होतं. मुलांना भूगोलात उताराचे नकाशे शिकवताना मी हेच उदाहरण द्यायची. तुम्ही सायकलवरून कात्रजला जाता तेव्हा दमता आणि येताना पायंडल मारावं लागत नाही, बस, त्याच उताराने पाणी आलं!

नहरीवर ठरावीक अंतराने ‘उच्छ्वास’ बांधलेले होते. शब्द किती सुंदर आहे पाहा. जमिनीच्या वर डोकावणारी चौकोनी बांधीव धुराडी म्हणा ना. त्यातून कोंडलेली हवा बाहेर पडायची आणि आत उतरून नहर झाडताही यायची. वाटेत गाळ बसायला कुंड्याही होत्या. म्हणजे बांधणाऱ्याने पहिल्याच दिवशी हे धरून चाललं होतं की यात गाळ साठणार, कुठेतरी दर्जा निखळणार, आणि कुणालातरी वरचेवर आत उतरावं लागणार. दुरुस्तीची वाट त्याने बांधकामातच ठेवली होती. आपल्या हल्लीच्या इमारतींत गळका नळ शोधायला आख्खी भिंत फोडावी लागते, त्या पार्श्वभूमीवर मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

नहर गावात आली की तिचं पाणी हौदांत पडायचं. काही हौद रस्त्यावरचे, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी. काही सरदार-सावकारांच्या वाड्यांतले, खापरी नळांनी जोडलेले. पुढे नाना फडणविसांनी आंबेगावकडून आणि रास्त्यांनी कोंढव्याकडून आणखी नहरी आणल्या. शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं याच युगातलं. त्याची वर्णनं आपण कौतुकाने वाचतो, पण कारंजं उडायला लागतो तो दाब कात्रजच्या उतारातून आलेला होता, हे सहसा कुणी सांगत नाही.

आता आमच्या हौदाकडे येते. तो पेशवाईतला आहे असा आमच्या घरात समज होता. कागद काही नाही, त्यामुळे तो समज मी बाजूला ठेवते. डोळ्यांना दिसतं तेवढं सांगते. चौदा फूट लांब, नऊ फूट रुंद, सात फूट खोल. चारी बाजूंनी घडीव काळा दगड, सांध्यांत चुना, एका अंगाला उतरायला पाच पायऱ्या आणि कोपऱ्यात खापरी नळाचं तोंड. चौदा नव्वे एकशेसव्वीस, त्याला साताने गुणा, आठशे ब्याऐंशी घनफूट. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी मावतं. म्हणजे हौद काठोकाठ भरला तर जवळजवळ पंचवीस हजार लिटर.

हे पाणी पिण्याचं, त्यामुळे त्यात पोहायला अर्थातच बंदी. पुण्याची पोरं पोहायला शिकायची ती नदीच्या डोहांत नाहीतर विहिरींत, पाठीला सुका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधून. पुढे टिळक तलावावर. आम्हा मुलींना तर तेही नव्हतं. अपवाद वर्षातून एकच दिवस, हौद उपसण्याचा. चैत्र-वैशाखात एकदा हौद रिकामा करत. आदल्या दिवशी पाणी कमरेएवढं उरलं की वाड्यातल्या सगळ्या मुलांना आत सोडायचे. तो आमचा घरचा पोहण्याचा तलाव! संध्याकाळी बोटं सुरकुतून बाहेर यायचो. दुसऱ्या दिवशी गाळ काढायचा, नारळाच्या शेंड्यांनी दगड घासायचे, निखळलेल्या सांध्यांत नवा चुना भरायचा आणि लगेच पाणी सोडायचं.

उपसण्याची वेळ उन्हाळ्यातलीच का, हे लहानपणी कधी विचारलं नाही. दुरुस्तीच्या वेळी गवंड्याने ते सांगितलं. पावसाळ्यात जमिनीतल्या पाण्याची पातळी वर येते. हौद भरलेला असला तर आतलं पाणी बाहेरच्या पाण्याला दाबून धरतं. अशा वेळी हौद रिकामा केला की बाहेरचं पाणी तळ वर उचलतं आणि भिंती आत ढकलतं. हल्लीच्या सिमेंटच्या पोहण्याच्या तलावांनाही हाच धोका असतो. म्हणून मृगाच्या आधी काम उरकायचं. आमच्या आजीला यातलं शास्त्र सांगता आलं नसतं, पण ‘मृग लागायच्या आत’ हे शब्द तिच्या तोंडचे मला पक्के आठवतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. चुन्याचा हौद वापराने खराब होत नाही, कोरडा पडल्याने होतो. आजूबाजूची माती उन्हाळ्यात सुकून आकसते आणि पावसात फुगते. हौद भरलेला असला तर त्याच्याभोवती ओल राहते, हालचाल कमी होते, चुनाही ओला राहतो. पाच-सहा उन्हाळे हौद रिकामा पडला की दर उन्हाळ्यात केसाएवढी एक फट वाढत जाते. मग त्या फटीत पिंपळाचं बी पडतं. पुण्याच्या पिंपळाला भिंतीची जात लागत नाही, कुठेही उगवतो. पुढचं काम तो करतो.

आमचा हौद असाच कोरडा पडला. १९७० च्या आसपास रस्त्याच्या कामात खापरी नळ तुटला आणि घरात तोवर महापालिकेचा नळ आलेला, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. १९८३ साली एका ठेकेदाराने आतून सिमेंटचा गिलावा करून दिला. दिसायला गुळगुळीत, पण दोन वर्षांत त्याचे पापुद्रे सुटले. आता कारण कळलं. दगड आणि चुना थोडं थोडं हलतात, ओल आत घेतात, बाहेर सोडतात. सिमेंट ताठ. ते हलत नाही आणि ओलही सोडत नाही. मागे अडकलेली ओल आणि क्षार त्याला आतून ढकलतात, आणि सुटताना ते जुन्या चुन्याचा थरही घेऊन सुटतं.

मागच्या वर्षी काम काढलं तेव्हा पहिल्यांदा हौद गळतो किती ते मोजायचं ठरवलं. पाणी कमी होतं ते उन्हाने उडतं की फटीतून जातं? यासाठी एक अगदी सोपी युक्ती आहे. शाळेच्या प्रयोगासारखी आहे म्हणून सविस्तर सांगते. हौदात पाणी भरायचं. एक बादली पाण्याने भरून पायरीवर अशी ठेवायची की बादलीच्या आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी एकच राहील. दोन्हीकडे खूण करायची. ऊन दोघांनाही सारखंच लागतं. म्हणजे बादलीतलं जेवढं कमी झालं तेवढं उडालं, आणि हौदातलं त्याहून जितकं जास्त कमी झालं तितकं गळलं. तीन दिवसांनी पाहिलं तर बादलीत दोन सेंटीमीटर घट, हौदात नऊ. सात सेंटीमीटर पाणी तीन दिवसांत जमिनीत गेलं होतं, म्हणजे दिवसाला साधारण पावणेतीनशे लिटर.

मग पाणी आपोआप उतरू दिलं. खालून तिसऱ्या थराशी ते थांबलं. त्याखाली फक्त बादलीएवढंच कमी होत राहिलं. याचा अर्थ मुख्य गळती तिसऱ्या थराच्या आसपास, तळ शाबूत. तिथेच पिंपळाचं मूळ सापडलं, मनगटाएवढं. ते वरून तोडून उपयोग नसतो. दोन दगड सुटे करून मुळापासून काढलं, दगडांना आकडे घातले आणि ते परत होते तसे बसवले.

चुन्याचं काम जाणणारे गवंडी आता थोडे उरलेत. आमच्या गवंड्याने कळीचा चुना पाण्यात विरवून बरेच दिवस झाकून ठेवला. त्यात वाळू आणि भाजक्या विटांचा चुरा, म्हणजे सुरखी. सुरखी असली की चुना पाण्याखालीही धरतो. पूर्वी हे सगळं बैलाच्या घाणीत दगडी चाकाखाली मळत. गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी, उडदाचं पाणी असं काय काय त्यात घालायचे. आम्ही गूळ आणि हिरडा घातला. शेजारच्या मुलांना वाटलं, हौदाला काढा पाजतायत. जुनं सिमेंट टाकीने हळूहळू खरवडून काढलं, सांधे मोकळे केले, दर्जा भरल्या, आणि नंतर तीन आठवडे ओली पोती टाकून रोज पाणी मारलं. मेच्या उन्हात चुना भरभर सुकला तर तो धरत नाही, भुकटी होतो. नंतर पुन्हा बादली ठेवली. तीन दिवसांनी दोन्ही खुणा आगपेटीच्या काडीच्या जाडीइतपत जुळल्या.

पाणी न गळू देण्याची ही धडपड किती जुनी आहे! मोहेंजोदडोचं महास्नानगृह १९२० च्या दशकातल्या उत्खननात सापडलं. सुमारे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद आणि जवळजवळ अडीच मीटर खोल. विटा उभ्या लावून घट्ट बसवलेल्या, आणि गळू नये म्हणून मागे नैसर्गिक डांबराचा थर. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरालाही आमच्या गवंड्याचीच चिंता होती.

इथवर दगड-चुन्याचं झालं. पण हौदाचा इतिहास एवढाच लिहिला तर तो अर्धाच होईल.

हौद म्हटला की त्याला कठडा आला, आणि कठड्यापाशी कुणी यायचं याचा नियम आला. पेशवाईत आणि त्यानंतरही, गावाच्या पाण्यावर सगळ्यांचा हात नव्हता. अस्पृश्य मानलेल्या माणसांनी दूर उभं राहायचं, कुणीतरी वरून ओतलं तर घ्यायचं. कात्रजहून उताराने आलेल्या पाण्याला हे ठाऊक नव्हतं, ते माणसांनी ठरवलं होतं. उच्चवर्णीयांतसुद्धा कुणाच्या हातचं काय चालतं याची केवढी धास्ती! १८९० साली पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित पुणेकर चहा प्यायले, त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि टिळकही होते, आणि तो कपभर चहा बहिष्कार आणि प्रायश्चित्तापर्यंत पोचला. पाच हौदांवरून नाव पडलेल्या जागी पाण्यावरून नाही तर चहावरून वादळ झालं, एवढाच फरक.

पण त्याच्याही बावीस वर्षं आधी, १८६८ साली, गंज पेठेत जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. हे वाक्य मी वर्गात शेकडो वेळा सांगितलं असेल. मुलं परीक्षेत लिहायची, एक गुण मिळायचा. पण ‘घरचा हौद’ म्हणजे काय हे कळायला घरात हौद असावा लागतो. सार्वजनिक हौद खुला करा म्हणून अर्ज करणं निराळं आणि स्वतःच्या अंगणातल्या पाण्यापाशी, जे आपल्याच स्वयंपाकघरात जाणार आहे त्यापाशी, सगळ्यांना येऊ देणं निराळं. त्याची किंमत घरातल्या बाईला पहिल्यांदा मोजावी लागते. शेजार तुटतो, नातेवाईक यायचे थांबतात. त्या घरातल्या बाई सावित्रीबाई होत्या.

फुल्यांना पाण्याचं मोल बांधकामाच्या बाजूनेही माहीत होतं. ते कंत्राटदारही होते. खडकवासल्याच्या कामाशी त्यांचा संबंध आला. पुणे नगरपालिकेचे ते सभासद होते. आणि ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी डोंगरउतारावरचं पाणी अडवायला ठिकठिकाणी तलाव-बंधारे बांधावेत असं मांडलं. पाणी अडवायचं आणि माणसांना अडवायचं नाही, असं ते सगळं एकत्र होतं.

पुढचा इतिहास आपण जाणतोच. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला. तो कागदावर राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं. १९५० साली राज्यघटनेने अस्पृश्यता नाहीशी केली आणि १९५५ साली ती पाळणं हा गुन्हा ठरवणारा कायदा आला.

आणि आमच्या वाड्यात? आमच्या हौदाला लाकडी झाकण होतं आणि झाकणाला कुलूप. किल्ली आजीच्या कमरेला. गल्लीच्या मागच्या वस्तीतल्या बायका उन्हाळ्यात यायच्या, त्यांना पाणी मिळायचं. नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही. पण त्या दिंडीपाशी थांबायच्या आणि आजी किंवा काकू वरून धार धरायची. आमच्या घरी याला ‘पाणी देणं’ म्हणत आणि तो पुण्यसंचय मानत. १९५५ च्या कायद्याची प्रत वाड्यात पोचली नव्हती, असं म्हणू या.

१२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं. मी अकरा वर्षांची होते. त्याच दिवशी खडकवासल्याचंही धरण गेलं. नदीकाठच्या पेठा, डेक्कनचा भाग पाण्याखाली. आमची पेठ उंचावर असल्याने वाचली, पण नारायण-शनिवारातले किती तरी नातेवाईक ओल्या अंगाने वाड्यात आले. पुराच्या आठवणी पुष्कळांनी लिहिल्या आहेत, मी पुन्हा लिहीत नाही. मला सांगायचं आहे ते पूर ओसरल्यानंतरचं. गावाला पाणी खडकवासल्याहून यायचं, आणि खडकवासला उरलाच नव्हता. सगळीकडे चिखल आणि पाणी, पण प्यायला थेंब नाही. नळ कोरडे. तेव्हा लोकांना जुने आड, विहिरी आणि हौद आठवले. पेशव्यांच्या वेळचं कात्रजचं पाणी दोनशे वर्षांनी पुन्हा पुण्याच्या उपयोगी पडलं.

आमच्या हौदात तेव्हा नहरीची धार येत होती. पहिल्याच संध्याकाळी दिंडीबाहेर रांग लागली. आधी काकूने धार धरून पाहिली. शंभर माणसांना धार कशी धरणार? दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी आजीकडून किल्ली घेतली, झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवलं आणि पायऱ्या मोकळ्या केल्या. कुणी कुठल्या वस्तीतलं विचारलं नाही. मागच्या वस्तीतल्या बायका पहिल्यांदा हौदाच्या पायऱ्या उतरल्या. त्यांतली एक आमच्या आजीच्याच वयाची होती. ती वरच्या पायरीवर जरा थबकली आणि आजी तिला म्हणाली, ‘‘शेवाळ आहे हो, जपून.’’ एवढंच. पाण्यात लाल औषध टाकलं होतं, ते गुलाबी पाणी आम्ही कित्येक दिवस प्यायलो.

मग काही आठवड्यांनी नळाला पाणी आलं. रांग संपली. आणि झाकण परत बसलं, कुलूपही लागलं. कुणी ठरवलं, काही बोलणं झालं का, मला आठवत नाही. बहुतेक झालंच नसावं. आमच्या घरात या प्रसंगाची आठवण निघते ती ‘पानशेतच्या वेळी आपल्या हौदाने सगळ्या आळीला पाणी पाजलं’ अशी. ते खरंच आहे, आणि मला त्याचा अभिमानही आहे. पण कुलूप परत लागलं हेही तितकंच खरं आहे, आणि ते कुणी सांगत नाही. फुल्यांच्या वाड्यापासून आमचा वाडा पायी पंधरा मिनिटांवर. १८६८ ते १९६१ म्हणजे त्र्याण्णव वर्षं. तेवढं अंतर कापायला आम्हाला धरण फुटावं लागलं, आणि मग आम्ही परत मागे फिरलो. इतिहास शिकवणारीने घरचा इतिहासही पुरा सांगावा, असं मला वाटतं.

असो. आता आजचं. कात्रजचा खालचा तलाव राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आहे, वरच्याला नानासाहेब पेशव्यांचं नाव आहे. मधल्या काळात शहर त्या उतारावर चढत गेलं. धनकवडी, बालाजीनगर, आंबेगाव. उतार तोच राहिला, पण त्यावरून आता सांडपाणीही येऊ लागलं. ओढ्यांची पात्रं आक्रसली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला धो धो पाऊस झाला आणि आंबिल ओढ्याने काठच्या वस्त्यांत हाहाकार केला. अनेकांचे जीव गेले. पावसाळ्यात पाणी घरात शिरतं आणि त्याच गल्लीत एप्रिलमध्ये टँकर उभा असतो. नहर बांधणाऱ्यांनी हा उतार ओळखून त्याचा उपयोग केला होता. आपण तो विसरून त्यावर घरं बांधली.

आमच्या वाड्याच्या जागी आता इमारत होणार. त्याला माझा विरोध नाही. वाडा राहण्याजोगा उरलेला नाही आणि वर राहणाऱ्या वहिनींचे गुडघे लाकडी जिना चढू देत नाहीत. प्रश्न हौदाचा आहे. नकाशात तिथे गाड्यांची जागा दाखवली आहे, आणि हौद राडारोडा घालून बुजवायचा असं ठरत आलं आहे. माझं म्हणणं मी हिशेबाने मांडते, कारण भावनेने मांडलं की ‘अक्कांचं सुरू झालं’ म्हणतात.

एक. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर ते होतं पासष्ट हजार लिटर पाणी. गळणारं-उडणारं पंचमांश सोडून दिलं तरी बावन्न हजार. म्हणजे आपला हौद वर्षात दोन वेळा भरेल. ठरावीक आकाराच्या पुढच्या भूखंडांवर नव्या इमारतींना पावसाच्या पाण्याची सोय करणं नियमाने लागतंच. त्यासाठी प्लास्टिकची टाकी विकत आणायची आणि पंचवीस हजार लिटरची तयार दगडी टाकी बुजवायची, यात कुठलं शहाणपण?

दोन. हौद गळत नाही. त्याचे आकडे वर दिले आहेत, शंका असेल त्याने बादली घेऊन यावं. हौदावर जाळी आणि झाकण हवंच, नाहीतर डासांसाठी नोटीस येईल आणि ती योग्यच असेल. गप्पी मासे सोडले आहेत. हौद गाड्यांच्या जागेखाली ठेवता येतो का, वर भार पेलणारा स्लॅब टाकून आणि पायऱ्यांचं तोंड मोकळं ठेवून, हे अभियंत्याला विचारावं. त्याने नाही म्हटलं तर मी ऐकेन. पण विचारावं तरी.

तीन. दरवर्षी मृगाच्या आधी हौद उपसण्याची जबाबदारी कुणाची हे लिहून ठेवावं. नहर पेशव्यांनी बांधली म्हणून टिकली नाही. कुणीतरी दरसाल उच्छ्वासातून आत उतरत होतं म्हणून टिकली. ज्या वर्षी ते काम सगळ्यांचं झालं त्या वर्षी ते कुणाचंच उरलं नाही. पहिली पाच वर्षं मी बघते. पुढचं पुतण्यांनी ठरवावं. उपसायच्या आदल्या दिवशी पोरांना आत सोडायची अट मात्र कायम.

चार. एक नळ दिंडीबाहेर, रस्त्याच्या बाजूला काढावा, हौदातल्या पाण्याचा. पिण्याचं नाही, वापरायचं, तशी पाटी लावावी. मागची वस्ती अजून तिथेच आहे. घरं पक्की झाली, नळ आले, पण मे महिन्यात पाणी एक दिवसाआड होतं तेव्हा त्यांच्याकडे साठवायला टाक्या नाहीत. त्या नळाला कुलूप नसावं.

चौथ्या मुद्द्यावर वाद होईल, हे मला ठाऊक आहे. पाणी वाया जाईल, गर्दी होईल, उद्या हक्क सांगतील, असं म्हटलं जाईल. १९६१ साली आजोबांनी झाकण काढलं तेव्हाही काकूने हेच म्हटलं होतं. त्या तीन-चार आठवड्यांत हौद एकदाही आटला नव्हता.

तर दिवाळीनंतर सगळ्यांनी यावं. निर्णय काहीही झाला तरी आधी पाच पायऱ्या उतरून एकदा पाण्याला हात लावून पाहावा. झाकण मी काढून ठेवते. शेवाळ आहे, जपून.